पहाडीवरच्या तीन शिट्ट्या

गोंदियात राहून मी लोकांना हिमालयासाठी तयार करते असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग खिडकीबाहेर. खिडकीबाहेर आमचं कुडवा असतं. नवी घरं, दोन किराणा दुकानं, उभ्या केलेल्या दुचाक्या आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. चढ म्हणावा असा फक्त रेल्वेचा उड्डाणपूल. मग तो विचारतो, "पण मॅडम, पहाड कुठं आहे?"

पहाड माणसाच्या पायात तयार करावा लागतो, असं मी पूर्वी ऐटीत सांगायचे. आता वय झालं, ऐट कमी झाली. आता सरळ सांगते. मी मुलींच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे. तरुणपणी उत्तराखंडात जाऊन गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलं होतं. नोकरी संपायच्या आधीपासूनच इथल्या हौशी लोकांची तयारी करून घेऊ लागले. शिखरावर मी कुणाला नेत नाही, नेणारे वेगळे असतात. त्याआधीचे महिने माझे. पाठीवरच्या पिशवीत तांदळाच्या थैल्या भरून पायऱ्या चढायला लावायच्या, आणि त्याहून जास्त वेळा उतरायला लावायच्या, कारण गुडघे चढताना जात नाहीत, उतरताना जातात. बूट घरात घालून आठवडाभर भाजी चिरायची, म्हणजे तो पायाशी भांडायचं सोडतो. नखं कापायची. डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं आणि त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही. सगळ्यात अवघड शिक्षण म्हणजे शिखर समोर दिसत असताना ठरलेल्या वेळी पाठ फिरवणं. ते मैदानावर शिकवता येत नाही, नुसतं बोलून दाखवता येतं.

माणसं तऱ्हेतऱ्हेची आली. एका राईस मिलवाल्या शेठनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, ऊपर तक घोडा तो मिलता होगा ना?" तेच शेठ पुढं अर्ध्या वाटेवर ढग बघून मागं फिरले आणि परत येऊन पेढे वाटले. "आपने बोला था लौटना सीखो, मैं तो पहले दिन सीख गया!" एका पोरानं दमा लपवला होता, औषधाचा पंप मोज्यात ठेवून यायचा. मी त्याचं जाणं रद्द करायला लावलं. तो अजून रस्त्यात भेटला की मान वळवतो. वाईट वाटतं, पण तो मान वळवायला आहे, हेही खरं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले, ती सांगते. ती शिट्टीची आहे.

माझ्या प्रत्येक माणसाच्या गळ्यात मी शिट्टी अडकवते. ओरडून घसा लवकर बसतो. शिट्टी थोड्या श्वासात वाजते आणि दूर जाते. आमचा नियम साधा. तीन लांब शिट्ट्या म्हणजे मी अडचणीत आहे. उलट एक शिट्टी म्हणजे ऐकलं, येतोय, जागचा हलू नको. गंमत म्हणून कुणी वाजवायची नाही.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे पाच जण होते. त्यातल्या दोघांची नावं पुरे. एक निखिल, बँकेतला, बडबड्या आणि उत्साही. दुसऱ्या सरिता रहांगडाले, चाळिशी ओलांडलेल्या, गोंदियाजवळच्या एका गावातल्या पोवार घरातल्या. घरची शेती त्याच बघायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, मले एकदा बरफावर उभं राहाचं आहे." मी विचारलं, का बरं? त्या म्हणाल्या, "काऊन म्हणजे? राहाचं आहे." मला ते उत्तर फार आवडलं.

आम्ही नेहमी प्रतापगडावर, म्हणजे साताऱ्याच्या नव्हे, आमच्याच जिल्ह्यातल्या, सराव करायचो. पण तिथं देवदर्शनाला आणि दर्ग्याला येणाऱ्यांची वर्दळ असते, वाट मळलेली असते. यांना मोकळे धोंडे, घसरती माती आणि वाट नसलेला चढ दाखवायचा होता. म्हणून नवेगाव बांधच्या तलावाच्या बाजूला एक पहाडी बघितली. तिचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं तर पोरं शिट्ट्या घेऊन तिथं जातील.

परवानगी काढली आणि आधी एकटीच पाहणीला गेले, सोबत पायथ्याच्या गावचे फागूलाल उईके. फागूदादा पन्नाशीपुढचे. जंगलात मजुरी, घरची थोडी शेती. आम्ही वरच्या खिंडीत पोचलो आणि मी पाणी प्यायला टेकले, तेव्हा डावीकडच्या दरीतून शिट्टी आली. लांब, सरळ. थोडं थांबून दुसरी. मग तिसरी. ती मात्र शेवटी फाटली, श्वास संपल्यासारखी.

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. मी एक शिट्टी दिली आणि उठले. पुन्हा तीन आल्या. पुन्हा तिसरी तशीच फाटली.

"बसा मॅडम," फागूदादा म्हणाले. "भीमराज होय. पाखरू."

"पाखरू?"

"लय दिसाचं असंच वाजवून राह्यलं."

मी ऐकलं नाही. दरीच्या तोंडाशी गेले. एका वाळक्या झाडावर तो बसला होता. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. पुस्तकात त्याला पल्लेदार कोतवाल म्हणतात. तो दुसऱ्यांचे आवाज उचलतो हे मला वाचून माहीत होतं. माझ्यादेखत त्यानं खारीसारखा आवाज काढला, मग शिकऱ्यासारखा. आणि मग माझ्याकडे तिरकं बघत तीन लांब शिट्ट्या.

मी हसले. सुटल्यासारखं वाटलं. उतरताना मात्र अर्ध्या वाटेत पाय आपसूक थांबले.

"दादा, इथं शिट्टी वाजवायला कोण येतं?"

"कोनी नाई. गुराखी खाल्तीच रायते. वर कायले येईन कोनी?"

"फॉरेस्टचे लोक?"

"त्याईची शिट्टी आगळी. खुरखुरते." ते बरोबर होतं. त्यांच्या शिट्टीत दाणा असतो. ही दाण्याची नव्हती, माझ्या गळ्यात होती तसली होती.

पाखरू एकदा ऐकून असं पाठ करत नाही. कुणीतरी तिथं तीन-तीन शिट्ट्या वाजवल्या होत्या, पुष्कळ वेळ. तिसऱ्या शिट्टीला त्याचा श्वास पुरत नव्हता, आणि पाखरानं तेही उचललं होतं. मी फागूदादांना हे बोलून दाखवलं. त्यांनी चालण्याचा वेग तेवढा वाढवला.

पुढच्या आठवड्यात पाचही जणांना घेऊन गेले. निघण्याआधी भीमराजाची गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवली. उगीच कुणी घाबरायला नको हा हेतू. माझ्या शंकेबद्दल बोलले नाही.

सकाळ स्वच्छ होती. चढ छान झाला. सरितावहिनी सगळ्यांत सावकाश आणि सगळ्यांत नीट चालत होत्या. खिंडीत पोचलो आणि खालून, तलावाच्या अंगानं, धुकं चढायला लागलं. सूर्य वर आल्यावर धुकं विरतं, असा आपला अनुभव. हे दाट होत गेलं. समोरचं झाड आधी करडं झालं, मग नाहीसं. आवाजही ओल्या गोधडीखालून आल्यासारखे. मी सगळ्यांना एका मोठ्या खडकाशी बसवलं आणि धुकं सरेपर्यंत डबे उघडायला सांगितलं.

तेव्हा शिट्ट्या आल्या. तीन.

निखिल हसला. "आला बघा भीमराज. गुड मॉर्निंग!"

सगळे हसले. मीही. फागूदादा चिवडा खात होते, त्यांनी मानही वर केली नाही. पुन्हा तीन आल्या. पुन्हा. आम्ही खात राहिलो. कुणीतरी म्हणालं, पाखरू आज जोरात आहे.

मग माझी नजर एका पिशवीवर पडली. निळी पिशवी, बंद सोडलेले, शेजारी झाकण न लावलेला डबा.

"सरितावहिनी कुठं आहेत?"

तुकडीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, त्या जरा तिकडे गेल्या... आडोशाला."

हे मी प्रत्येक तुकडीला शिकवते. बायका लाजेपायी लांब जातात आणि लांब गेल्यानंच अडचणीत येतात. जवळ जा, आम्ही पाठ फिरवतो, असं हजारदा सांगते. तरी जातात.

मी उभी राहिले आणि पहिल्यांदा नीट ऐकलं. तीन शिट्ट्या डावीकडून, खालून आल्या. त्या थांबल्या, आणि उजवीकडून, वरून तीन आल्या.

सगळ्यांचं खाणं थांबलं.

मी एक शिट्टी दिली. दोन्हीकडून तीन-तीन. खालची तिसरी फाटली. वरची तिसरीही फाटली. काही फरक नव्हता. जखमी माणसाचा श्वासही तिसऱ्या शिट्टीला तसाच संपत असणार, हे मला त्या क्षणी कळलं.

"सरितावहिनी!" निखिलनं हाक मारली. धुक्यानं ती हाक तिथंच गिळली.

फागूदादा उठले होते. चेहरा उतरला होता. "डावीकडे दरी हाये मॅडम. उजवीकडे अस्वलाच्या कपाऱ्या. चुकलो त..."

दोन तुकड्या करणं शक्य नव्हतं. त्या धुक्यात मी एकीच्या ऐवजी चार माणसं हरवली असती. मी डोळे मिटले. पाखराला काय येत नाही? रोज सकाळी मैदानावर पायऱ्या चढवताना मी शिट्टीवर ठेका धरायचे. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब, म्हणजे पाय बदला. यांच्या कानात तो इतका बसला होता की निखिल म्हणायचा, झोपेतही पाय बदलतो. त्या पहाडीवर तो कधीच वाजला नव्हता.

मी तो वाजवला. एक लांब, दोन आखूड, एक लांब.

दोन्हीकडे गप्प झालं. फार वेळ गप्प. ओल्या पानांवरून थेंब पडत होते तेवढेच ऐकू येत होते. मला वाटलं, झालं, आता तेही गेलं.

मग डावीकडून, खालून, अडखळत आला. एक लांब. एक आखूड. थांबून दुसरी आखूड. आणि लांब.

आम्ही दोर धरून, एकामागं एक, त्या आवाजाकडे उतरलो. मी ठेका द्यायचे, तो परत यायचा, आम्ही दहा-वीस पावलं पुढं सरकायचो. दरीच्या अलीकडेच, दोन मोठ्या धोंड्यांच्या फटीत सरितावहिनी होत्या. पाय घसरून आत गेल्या होत्या, घोटा एका दगडाखाली अडकला होता. ओरडून ओरडून आवाज पार बसला होता. फागूदादा आणि निखिल दगड हलवत होते, मी वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं.

"आलो आम्ही, वहिनी. झालं आता."

"माहीत होतं मॅडम," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही सांगून राहिल्या होत्या ना. म्हणून हलली नाही मी."

"काय सांगून?"

"मी तीन वाजवल्या की वरून एक यायची. पहिल्यापासून. हरेक वेळी थोडी जवळून."

मी निखिलकडे पाहिलं. त्याचे हात दगडावर थांबले होते. आम्ही तर डबे खात होतो. उलट एक शिट्टी मी दिली ती त्यांची पिशवी दिसल्यावर, आणि एकदाच. बाकी कुणी वाजवली का, हे नंतर एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. कुणीच वाजवली नव्हती.

पाय सुटला. घोटा सुजला होता, पण हाड शाबूत वाटत होतं. त्यांना आधार देऊन आम्ही वर चढवत होतो, तेव्हा धुक्यातून, अगदी डोक्यावरून, शिट्टी आली. एकच. लांब. सरितावहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

खाली फागूदादांच्या अंगणात ऊन होतं. कोंबड्या फिरत होत्या. त्यांच्या बायकोनं, बिरजाबाईनं, चहा ठेवला आणि पट्टी बांधायला जुनं लुगडं फाडून दिलं. मी तिला सहज विचारलं, बाई, ते पाखरू कधीपासून असं वाजवतं? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"मागच्या पानकाळ्यात आमी सात्या खुडाले गेल्तो पहाडीकडं," ती म्हणाली. सात्या म्हणजे पावसाळ्यात उगवणारी अळंबी, इकडे तिला चांगला भाव मिळतो. "तवा वर शिट्टी वाजे. आमाले वाटलं, फारेस्टवाला आला. डोक्यावर मोळी होती ना बाई, लाकडाची. शिट्टी आगळी होती, पन कोन थांबते? पळून आलो. दुसऱ्या दिसीबी वाजे. त्याच्या दुसऱ्या दिसी हळू वाजे. मंग नाई वाजली."

"आणि मग?"

"मंग दिवारीच्या वक्ती पाखरू वाजवाले लागलं."

सरितावहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. फागूदादा म्हणाले, "पुऱ्या गावानं आयकली होती मॅडम. पुरं गाव दूरच राह्यलं."

मी गावाला दोष देऊ शकले नाही. मोळी डोक्यावर असताना शिट्टीकडे कोण जाईल? आणि काही तासांपूर्वी मीसुद्धा डबा खात तीच शिट्टी ऐकली होती.

ठाण्यात जाऊन सांगितलं. वनखात्याला सांगितलं. आजूबाजूला कुणी हरवल्याची तक्रार नव्हती. ठाण्यातले साहेब सभ्य होते. पक्ष्याच्या आवाजावरून काय नोंदवणार, असं त्यांनी हसू न येऊ देता विचारलं. तरी दोन माणसं सोबत दिली, पण काही मिळालं नाही. पुन्हा उन्हाळ्यात, पानगळ झाल्यावर, फागूदादा आणि मी दोनदा गेलो. वरच्या कपाऱ्यांजवळ एका पुढं आलेल्या खडकाखाली पळसाच्या पानांचा दाबून बसलेला थर मिळाला आणि जवळ धुरानं काळे पडलेले दगड. ते कुणाचेही असू शकतात. मध काढणारेही तिथं थांबतात. बाकी काही नाही. चप्पल नाही, कापड नाही.

त्या एका शिट्टीचा विचार मी बराच केला. पाहणीच्या दिवशी पाखरानं तीन वाजवल्या, मी एक दिली. त्यानं तेवढ्यावरून ते उचललं असेल. हुशार पक्षी आहे. झाडावरून झाडावर सरकत आला असेल, म्हणून जवळून ऐकू आली असेल. मी तुकड्यांना हेच सांगते. दुसरा विचार सांगत नाही. तो असा, की वर जो कोणी अडकला होता, त्याच्या तीन शिट्ट्यांना कुणीतरी खालून एक शिट्टी दिली असेल. येतोय, हलू नको. आणि तो हलला नसेल.

सरितावहिनींचा पाय बरा व्हायला वेळ लागला. त्या मोसमात जाणं झालं नाही. नवरा म्हणाला, पुरे आता. सासू म्हणाली, म्हातारपणी काय खूळ. पुढच्या हिवाळ्यात वहिनी पुन्हा तांदळाची पिशवी पाठीवर घेऊन मैदानावर हजर. उन्हाळ्यात गेल्या आणि बरफावर उभ्या राहून आल्या. त्यांचा तो फोटो आता बैठकीत लावला आहे. गॉगल, टोपी, रुमाल, त्यात तोंड म्हणून काही दिसतच नाही. सासू आल्यागेल्याला दाखवते, "हे आमची सून होय," आणि लोक विश्वास ठेवतात.

मी त्या पहाडीवर तुकडी नेणं बंद केलं. फागूदादांकडे मात्र जात असते. या थंडीत गेले होते. बिरजाबाईनं चहा केला, आम्ही अंगणात बसलो. नातवंडांची, धानाच्या चुऱ्हाड्यांची चौकशी झाली. चुऱ्हाडे म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग. बोलता बोलता पहाडीवरून शिट्टी आली. एक. दुसरी. तिसरी, शेवटी फाटलेली.

फागूदादांनी कप खाली ठेवला. उठून कोपऱ्यातली काठी घेतली, चप्पल पायात सरकवली.

"भीमराजच ना, दादा?"

"भीमराजच असन."

"मग?"

"हरेक टायमाले पाखरूच रायते मॅडम," ते म्हणाले. "तरी कोनी ना कोनी जाते. गावानं ठरवलं हाये. आज माही पारी."

शेजारच्या घरातून एक बाई हातातलं सूप ठेवून बाहेर आली होती, तीही पहाडीकडे बघत होती. फागूदादा तिला म्हणाले, "मी जातो," तेव्हा ती आत गेली.

चहा अर्धा राहिला होता. मी बुटाचे बंद आवळले आणि त्यांच्या मागून निघाले.